‘एक काहीतरी ठरवा’ म्हणणाऱ्यांना काय सांगू?

ताई, सप्रेम नमस्कार.

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. वय चौतीस. गेली काही वर्षं एक कादंबरी लिहितेय, आठवी ते बारावीच्या मुलामुलींसाठी. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं, त्या आठवड्यात गोष्ट घडते. पंधरा वर्षांच्या सोनलचा मोठा भाऊ दीपक लॉकडाऊनमध्ये पुण्यातली नोकरी जाऊन घरी परतलाय. एका रात्री तो नाहीसा होतो. आजी म्हणते, सरोवराच्या दंतकथेतला लवणासुर जागा झाला. पाण्याचे नमुने न्यायला माणसं येतात. वनरक्षकांचा मुलगा समीर आणि सोनल यांच्यात काहीतरी सुरू होतंय. मधल्या काही प्रकरणांत लवणासुर स्वतः बोलतो.

एका प्रकाशकांनी कळवलं, ‘रहस्यकथा, विज्ञानकथा की पौराणिक? एक काहीतरी ठरवा.’ दुसऱ्यांनी विचारलं, ‘मुलांसाठी की मोठ्यांसाठी?’ घरचे म्हणतात, शाळेत नोकरी करतेस, तो समीर काढून टाक. मैत्रीण म्हणते, इंग्रजीत लिही, तिकडे असलं चालतं. वऱ्हाडी संवाद ठेवावेत की नाही तेही कळत नाही. याआधी माझं काहीही छापून आलेलं नाही. पुण्या-मुंबईत ओळखपाळख नाही. या एका कादंबरीच्या दोन कराव्यात का? पहिली तीन प्रकरणं आणि गोषवारा सोबत जोडला आहे.

— एक शिक्षिका

नमस्कार बाई,

दोन करू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही जरा निवांतपणे वाचाल.

पण प्रकाशकांवर रागावूही नका. ‘एक काहीतरी ठरवा’ हे त्यांचं वाक्य घाईचं आहे, तरी त्यामागे वाचताना आलेला एक खरा अनुभव असणार, कारण तो मलाही आला. तुमच्या पहिल्या प्रकरणात विवर कसं तयार झालं त्याची सहा पानं आहेत. मग आजीची गोष्ट येते. मग दीपक. मग समीर सायकलवरून येतो. प्रत्येक भाग आपापल्या जागी चांगला आहे, पण उल्का पडली नसती तरी दीपक नाहीसा झालाच असता, आणि दीपक घरातच असता तरी समीर सायकलवरून आलाच असता. चारही धागे एकमेकांच्या शेजारून चालतात, एकमेकांना अडवत नाहीत. वाचणाऱ्याला मग वाटतं की चार पुस्तकांची पानं एकत्र शिवली गेलीत. साहित्यप्रकार मिसळले म्हणून पुस्तक फसत नाही. एक प्रकार काढून घेतला तरी बाकीच्यांना पत्ता लागत नाही, तेव्हा ते फसतं.

आता तुमचं तिसरं प्रकरण उघडा. तिथे एक परिच्छेद आहे. तुम्ही तो ओघात लिहून पुढे गेलात, पण मी तिथे थबकले. दीपक नाहीसा झाल्याच्या सकाळी सोनल आईच्या आधी उठते. दाराशी त्याच्या चपला आहेत. तळव्यांवर पांढरा पापुद्रा धरलाय, सरोवराच्या काठचा खार. म्हणजे तो रात्री खाली उतरला होता, परत आला होता, आणि मग अनवाणी कुठेतरी गेला. सोनल त्या चपला उचलते, मोरीत नेते, आणि टँकरचं पाणी जपून वापरायच्या त्या दिवसांत अख्खा तांब्याभर पाणी ओतून तळवे घासते. मग ओल्या चपला ज्वारीच्या कोठीमागे लपवते. आई विचारते, ‘मोरी ओली कशी?’ सोनल म्हणते, ‘दात घासले.’

बाई, तुमची कादंबरी इथे सुरू होते. पान एक, ओळ एक. या एका कृतीत तुमचे सगळे प्रकार आलेत, आणि एकही बाहेरून चिकटवलेला नाही. चपला पुरावा आहेत, म्हणून रहस्य. पापुद्रा कशाचा, हा रसायनाचा प्रश्न आहे. भाऊ सरोवरात उतरला होता हे आजीला कळलं तर ती काय म्हणेल ते वाचकाला लवकरच कळेल, म्हणून दंतकथाही तिथेच आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सोनलने पुरावा धुऊन टाकला. इथून पुढे ती फक्त शोधणारी मुलगी राहत नाही, लपवणारीही होते. कुमारवयीन वाचकाला पाना-पानाला बांधून ठेवणारी गोष्ट हीच. मोठ्यांना काय सांगायचं आणि काय नाही, हा त्या वयाचा रोजचा पेच असतो.

तुमच्या गोषवाऱ्यात आणखी एक ओळ आहे, आजीच्या गोष्टीतली: दैत्यसूदन विष्णू देखण्या तरुणाचं रूप घेऊन आला, आणि लवणासुराच्या बहिणींनीच त्याला भावाचा ठावठिकाणा सांगितला. लोणारच्या दंतकथेचं हे जुनं रूप आहे. जमिनीखाली दडलेल्या भावाचा पत्ता बहिणी देतात आणि देव वरचं झाकण उडवून त्याला मारतो. गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ पाहायला आलेल्याला सहसा देवाचा पराक्रमच सांगितला जातो. तुमच्याकडे मात्र बहीण आहे, आणि तिचाही भाऊ दडलाय. सांगायचं की नाही, हा एकच प्रश्न दंतकथेत आहे, रहस्यात आहे आणि सोनलच्या पोटातही आहे. तुम्ही तो लिहिलात आणि पुढे गेलात. परत या. सबंध कादंबरी या प्रश्नाच्या कण्यावर उभी करा. दर प्रकरणाला विचारा, इथे सोनलला काय सांगावंसं वाटतंय, कोणाला, आणि काय तिला अडवतंय? ज्या प्रकरणाकडे याचं उत्तर नसेल ते कितीही सुंदर असलं तरी बाजूला ठेवा. विवराच्या जन्माची सहा पानं त्यातच गेली तर जाऊ द्या.

विज्ञानाचा धागा मला सगळ्यात सैल वाटला, आणि तोच घट्ट करणं सगळ्यात सोपं आहे. तुमच्याकडे शास्त्रज्ञ येतात, बाटल्या भरतात, जातात. नंतर वर्तमानपत्रात उत्तर येतं: पाऊस कमी झालेला, पाणी आटलेलं, खारटपणा वाढलेला, म्हणून मिठात राहणारे सूक्ष्मजीव फोफावले आणि त्यांच्या रंगद्रव्याने पाणी गुलाबी झालं. हे खरं आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी करून हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांकडेच बोट दाखवलं होतं. पण त्या तपासणीतली एक बारीक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली. नमुन्यातले सूक्ष्मजीव तळाशी बसले की वरचं पाणी पुन्हा नितळ होतं. आता विचार करा, सोनलनेही एक बाटली भरून आणली आहे. तिला ती पुरावा वाटते. भाऊ उतरला त्या रात्रीचं गुलाबी पाणी तिने कपड्यांच्या घडीखाली ठेवलंय. काही दिवसांनी बाहेर काढते तर पाणी स्वच्छ, तळाशी गुलाबी गाळ. तिला वाटतं कोणीतरी बाटली बदलली. समीरवर संशय येतो. आजीला वाटतं असुर निघून गेला. खरं कारण कळायला तिला शाळेच्या विज्ञानाच्या सरांना फोन करावा लागतो, आणि फोन करायचा तर बाटली कुठून आली ते सांगावं लागतं. बघा, विज्ञानाने तिला पुन्हा त्याच दाराशी आणून उभं केलं: सांगू की नको? माहितीने पात्राला असं कोपऱ्यात गाठलं की ती माहिती राहत नाही, कथा होते.

लोणारबद्दल लिहिताना आकड्यांची मात्र काळजी घ्या. विवराचा व्यास साधारण १.८ किलोमीटर, ते बसाल्ट खडकात उल्कापाताने झालं, १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली, नोव्हेंबर २०२० मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली; हे सगळं बिनधास्त वापरा. पण तुमच्या निवेदनात ‘पन्नास हजार वर्षांपूर्वी’ असं ठामपणे येतं. वयाबद्दल एकमत नाही. एका पद्धतीने साधारण ५२ हजार वर्षं येतात, नंतरच्या दुसऱ्या पद्धतीने ५ लाख ७० हजार. हा वाद निवेदनातून काढून विज्ञानाच्या सरांच्या आणि नमुने न्यायला आलेल्या माणसाच्या तोंडी द्या. सोनल ऐकतेय आणि तिला कळतंय की मोठ्या माणसांनाही सगळं ठाऊक नसतं. तिला ते कळणं गोष्टीला हवंच आहे.

आता लवणासुर. तो बोलतो ती प्रकरणं मला आवडली, आणि त्यांचीच मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते. अद्भुत आणायचं तर त्याचे नियम लवकर सांगावे लागतात. वाचक पहिल्या वीस-पंचवीस पानांत काहीही मान्य करतो. खडक बोलला तरी चालतं. दोनशेव्या पानावर नवी शक्ती आली की मात्र तो पुस्तक मिटतो, आणि पंधरा वर्षांचा वाचक तर मोठ्यांपेक्षा आधी मिटतो. तुमचा असुर कधी फक्त सोनलला ऐकू येतो, कधी अख्ख्या गावाला. एका ठिकाणी तो भविष्य सांगतो. ठरवा. माझं मत विचाराल तर तो फक्त सोनलशी बोलतो, फक्त काठावर बोलतो, आणि त्याला फक्त झालेल्या गोष्टी माहीत आहेत, होणाऱ्या नाहीत. आणि दीपक कुठे आहे ते त्याने कधीही सांगू नये. रहस्य असुराने सोडवलं तर सोनलने जे काही केलं ते वाया गेलं. त्याला स्वतःचं काहीतरी हवं असू द्या. त्याला कदाचित इतकंच विचारायचंय, ‘बहिणींनी का सांगितलं?’ या प्रश्नाचं उत्तर सोनलखेरीज कोणी देऊ शकत नाही. तो खरा की तिच्या मनातला, हे शेवटपर्यंत उघड केलं नाही तरी चालेल, पण तुम्हाला ते माहीत हवं.

अनेकांच्या तोंडून कथा सांगायला घाबरू नका, इतकं सांगायला एक उदाहरण देते. शिवाजी सावंत कोल्हापुरात शिक्षक होते. १९६७ मध्ये त्यांची पहिली कादंबरी आली, ‘मृत्युंजय’. कर्णाची कथा त्यांनी कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण यांच्या तोंडून सांगितली. एवढं जाड पुस्तक, संस्कृतप्रचुर भाषा, सहा निवेदक, आणि तरीही महाराष्ट्रातली मुलं ते नववी-दहावीच्या सुट्टीत वाचतात. ‘या वयाला झेपणार नाही’ असं कोणी म्हणालं तर तुमच्याच शाळेच्या ग्रंथालयातली ती प्रत काढून तिची पानं किती मळलीत ते बघा.

त्यावरून दुसऱ्या प्रकाशकांच्या प्रश्नाकडे येते: मुलांसाठी की मोठ्यांसाठी? हा प्रश्न मराठीत अजून पडतो, कारण मधला कप्पा आपण नीट बांधलाच नाही. लहानांसाठी आपल्याकडे पुष्कळ आहे. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे पिढ्यान्‌पिढ्या वाचला गेला. त्यानंतर मूल एकदम मोठ्यांच्या कपाटाशी जाऊन उभं राहतं. अमेरिकेत हा कप्पा वेगळा मोजला जाऊ लागला त्यात एस. ई. हिंटन या मुलीचा मोठा वाटा होता. शाळेत असताना लिहिलेली तिची कादंबरी १९६७ मध्ये आली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. तिकडे नंतर त्या कप्प्यात भूतकथा, प्रेमकथा, विज्ञानकथा एकमेकींत बेलाशक मिसळल्या, कारण कप्पा प्रकारावरून ओळखला जात नव्हता, वाचकाच्या वयावरून ओळखला जात होता.

आपल्याकडे या वयाचं लेखन झालंच नाही असं मात्र नाही. प्रकाश नारायण संतांचा लंपन आहे. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ आहे, आणीबाणीच्या काळातली नववीची मुलं. ही पुस्तकं मोठ्यांची म्हणून छापली गेली आणि मुलांनी ती आपली मानली. तुम्ही प्रकाशकांना सरळ सांगा: ‘वय तेरा ते अठरा, आणि ज्यांना ते वय आठवतं ते सगळे.’ वय तुम्ही ठामपणे सांगितलंत की प्रकारांच्या सरमिसळीबद्दलची कुरकुर निम्मी होते, असा माझा हस्तलिखितं वाचतानाचा अनुभव आहे. आणि तुमच्या वयाचं म्हणाल तर संतांचा जन्म १९३७ चा, आणि लंपनच्या कथांचं ‘वनवास’ पुस्तकरूपात आलं १९९४ मध्ये. चौतीस हे वय या कामाला लवकरचं आहे.

समीरला काढू नका. घरच्यांची भीती मला समजते. गावात शिक्षिकेकडे शंभर डोळे असतात. पण पंधराव्या वर्षाच्या मुलीची गोष्ट लिहायची आणि तिला कोणी आवडतच नाही असं दाखवायचं, तर तुमचीच विद्यार्थिनी पहिल्या पानावर ओळखेल की बाई खोटं बोलतायत. माझी तक्रार वेगळी आहे. समीर सध्या नुसताच छान आहे. तो वनरक्षकांचा मुलगा आहे, ही केवढी मोठी गोष्ट! रात्री अभयारण्यात कोण उतरलं याची चौकशी त्याचेच वडील करणार. म्हणजे सोनलने ज्याला सगळं सांगावं असा एकच माणूस आहे, आणि नेमकं त्यालाच सांगता येत नाही. त्यानेही तिला काहीतरी सांगितलेलं नाही, असं करता येईल का बघा. दोघं कमळजादेवीच्या देवळाच्या वाटेवर भेटतात तो प्रसंग तुम्ही फार हळुवार लिहिलाय. त्यात चपलांचा विषय निघता निघता राहू द्या, आणि मग वाचा तो प्रसंग कसा ताणला जातो.

वऱ्हाडी ठेवा. सगळी ठेवा. ‘मले काय पुसतं, सरोवराले पुस,’ हे आजीचं वाक्य पुणेरी करून दाखवा बरं! मरून जाईल. तळटीपा आणि शब्दार्थांची यादी मात्र नको. संदर्भ नीट असला की कोकणातला मुलगाही ‘काहून’ म्हणजे काय ते दुसऱ्या खेपेला ओळखतो. माझी एक सूचना आहे, ती तपासून बघा. निवेदन सध्या प्रमाण मराठीत आणि तृतीयपुरुषी आहे. ते सोनलच्याच तोंडी दिलं तर? शाळेत प्रमाण बोलणारी, घरात वऱ्हाडी बोलणारी आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तिसरंच काहीतरी लिहिणारी मुलगी. ती कोणाशी कुठली भाषा बोलते यावरून वाचकाला कळेल की ती कोणापासून काय लपवतेय. खरं बोलताना ती कायम वऱ्हाडीत येते, असं एवढं एकच सूत्र धरलंत तरी भाषेचा प्रश्न सुटेल. आणि असुर? त्याला जुनी भाषा द्यावीशी वाटेल. लीळाचरित्रात लोणार आहेच, त्या गद्याचा लहेजा कानात भरून घ्या, पण नक्कल करू नका. दोन पानांत कंटाळा येतो.

इंग्रजीचं उत्तर थोडक्यात. तुमची आजी इंग्रजी बोलत नाही. कादंबरी नीट झाली तर भाषांतर करणारं कोणी ना कोणी पुढे येईल. ती वाट आधी धरू नका.

आता वाटेबद्दल, कारण ओळख नाही हे तुम्ही फार मनावर घेतलंय. मराठीत लेखक आणि प्रकाशक यांच्यामध्ये एजंट नसतो म्हटलं तरी चालेल. हस्तलिखित थेट पाठवायचं असतं, आणि अनोळखी माणसाचं पाकीटही उघडलं जातं. तुम्हाला दोन उत्तरं आली, तीही वाचून दिलेली, हेच त्याचं प्रमाण. पण लगेच तिसरीकडे पाठवू नका. आधी तुमच्याकडे जे आहे आणि पुण्या-मुंबईच्या लेखकांकडे नाही ते वापरा: वर्गभर पोरं.

नवं पहिलं प्रकरण झालं की वाचनाच्या तासाला ते वाचून दाखवा. तुमचं आहे हे सांगू नका. ‘एक गोष्ट मिळालीय, ऐका’ एवढंच म्हणा. मुलांना कळलं की बाईंनी लिहिलंय, तर सगळी ‘छान आहे’ म्हणतील, आणि त्याचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. अक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून पत्नीकडून लिहून घेतली. जगभर नाव झालेल्या शास्त्रज्ञालाही कथा स्वतःच्या पायावर उभी राहते की नाही ते पाहायचं होतं. पहिलं बक्षीस मिळालं, आणि मराठी विज्ञानकथेला पुढची कित्येक वर्षं पुरेल असा लेखक मिळाला. तर वाचताना मुलांचे चेहरे बघा, मतं विचारू नका. कुठे चुळबूळ झाली, कुठे मागच्या बाकावरचं कुजबुजणं थांबलं, तिथे पेन्सिलीने खूण करा. तास संपल्यावर एकच प्रश्न विचारा: ‘चपला कुणाला सांगितल्या असत्या तुम्ही?’ जी उत्तरं येतील ती घरी जाऊन लिहून ठेवा. तुमच्या पुढच्या पाच प्रकरणांचं सामान त्यात असेल.

मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानरंजन कथास्पर्धा आजही असते. बाटलीतलं पाणी नितळ होण्याचा भाग स्वतंत्र कथा म्हणून लिहून पाठवता येईल. रहस्य, भय आणि विज्ञान यांना मुद्दाम जागा देणारे दिवाळी अंक आपल्याकडे आहेत. ‘धनंजय’, ‘नवल’ ही त्यातली जुनी नावं. १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून आपल्या दिवाळी अंकांनी नव्या लेखकाला पहिली ओळ छापून दिलीय. प्रकारांची सरमिसळ आपल्या वाचकाला चालत नाही असं जे म्हणतात त्यांनी हे अंक चाळावेत. तिथे एक कथा आली की प्रकाशकाच्या पत्रात लिहायला एक वाक्य मिळतं, आणि तुम्हाला संपादकाच्या हाताखालून जाण्याची सवय होते. दुसरं जास्त मोलाचं.

पैशांचं आणि कागदाचं बोलायला आपल्याकडे लाजतात, म्हणून मीच बोलते. कोणी म्हणालं, ‘छपाईचा खर्च तुम्ही करा, आम्ही वितरण करू,’ तर ते प्रकाशन नव्हे, छपाई आहे, हे मनाशी स्पष्ट असू द्या. ज्याला तसं करायचंय त्याने जाणूनबुजून करावं; तुम्ही इतक्यात करू नका. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, मिळवून देतो म्हणून कोणी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका; भारतात तो सरकारी संस्थेकडून मोफत मिळतो. करार लेखी करा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ आहे, ते एकदा वाचून घ्या, फार अवघड नाही. हक्क देणं लेखीच असावं लागतं. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात; प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतात. हक्क घेऊन वर्षभर त्यांचा वापरच केला नाही, आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर ते परत लेखकाकडे येतात. ‘सर्व हक्क कायमचे’ असं छापील वाक्य दिसलं तर नम्रपणे खोडायला सांगा. पुस्तकाचे हक्क द्या. श्राव्य पुस्तक, भाषांतर आणि चित्रपट यांचं वेगळं बोलू म्हणा. पहिलंच पुस्तक आहे म्हणून गप्प बसायचं नसतं. समजूतदार प्रकाशक त्याने नाराज होत नाही.

शेवटी पत्र. तुम्ही प्रकाशकांना पाठवलेल्या पत्राची प्रत जोडलीत म्हणून सांगते: त्यात ‘ही रहस्य, विज्ञान, पुराण आणि प्रेम यांचा संगम असलेली कादंबरी आहे’ असं वाक्य आहे. ‘एक काहीतरी ठरवा’ हे उत्तर त्या वाक्यानेच ओढवून आणलं. प्रकारांची नावं त्या पत्रात एकदाही घालू नका. असं काहीतरी लिहा:

‘जून २०२०. लोणारचं पाणी गुलाबी झालंय आणि पंधरा वर्षांच्या सोनलचा भाऊ नाहीसा झालाय. तो रात्री सरोवरात उतरला होता हे फक्त तिला माहीत आहे, कारण त्याच्या चपलांवरचा खार तिने स्वतःच्या हाताने धुतलाय. आणि ज्या असुराला त्याच्या बहिणींनी धरून दिलं तो आता तिला विचारतोय की तू काय करणार.’

खाली वाचकांचं वय, शब्दसंख्या, तुम्ही लोणारच्या परिसरात राहता आणि त्याच वयाच्या मुलांना शिकवता ही एक ओळ, आणि दिवाळी अंकात कथा आली असेल तर तिचं नाव. सोबत तीन प्रकरणं आणि दोन पानांचा गोषवारा, शेवटासकट. तुमच्या गोषवाऱ्यात दीपकचं काय होतं ते तुम्ही ‘उत्सुकता राहावी म्हणून’ लपवलंय. वाचकापासून लपवा, प्रकाशकापासून नको. शेवट जमलाय की नाही तेच तर त्यांना पाहायचं असतं.

हा खर्डा जून महिन्यात शाळा सुरू होण्याआधी पुरा होईल असं बघा. तोपर्यंत नवं पहिलं प्रकरण तयार झालं तर मला जरूर पाठवा, आणि त्यासोबत मुलांनी चपलांच्या प्रश्नाला काय उत्तरं दिली तेही लिहा.